दाराशी खाकरणं

“...पण मी तर तिच्यावर कधी हातसुद्धा उगारला नाही. मग ती मला एवढी का घाबरते, बाबा?”

विचारणारे मुकुंद परांडकर म्हणजे मनाच्या आजारांचे नावाजलेले डॉक्टर. आजोबांनी खाल्लेला मार नातवाच्या झोपेत कसा उतरतो, हे त्यांनी कितीतरी घरांना समजावून दिलं होतं. स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. ते आले की त्यांची लेक रेवा बोलता बोलता गप्प व्हायची, ताट उचलून आत जायची. मागोमाग तिची आईही. डॉक्टर एकटेच जेवायचे.

टेकडीवरच्या मठात सोमगिरीबाबा भाकरी खात बसले होते. ऐकता ऐकता त्यांनी पुढचा घास मोडला.

“आजोबांनी वडिलांना मारलं, वडिलांनी मला. ते मी माझ्यापाशी संपवलं,” डॉक्टर म्हणाले. आवाजात जरा ताठा होता.

“असं?” बाबा म्हणाले. “बाहेर जा. आणि घरी येतोस तसा आत ये.”

डॉक्टरांना हसू आलं. तरी ते गेले. दाराशी परतले, नेहमीसारखे खाकरले आणि आत आले.

बाबांनी भाकरी पंच्याखाली लपवली होती. पाय पोटाशी ओढून, मान खाली घालून ते भिंतीला चिकटले होते.

डॉक्टर थबकले. लहानपणी ते स्वतः असेच बसायचे.

“हे काय, बाबा?”

“तू खाकरलास.”

“ती आमच्या घरची रीत आहे. कर्त्या माणसानं खाकरून आत यावं. वडील खाकरायचे, आजोबा...”

ते वळून दाराकडे बघू लागले.

“वडील खाकरले की तू काय करायचास?”

“कणगीमागे लपायचो.”

“आणि तू खाकरलास की?”

“घर शांत होतं...” डॉक्टर खाली बघत म्हणाले. “मला ते बरं वाटतं.”

डॉक्टरांचे डोळे भरून आले होते.

“आज खाकरू नकोस,” बाबा म्हणाले. “दार वाजव. लेक उघडेपर्यंत बाहेर थांब.”

“आणि तिनं नाहीच उघडलं तर?”

बाबांनी पंच्याखालची भाकरी काढली. अर्धी मोडून त्यांच्या हातावर ठेवली.

“तर ही खात पायरीवर बस. तू कणगीमागे लपायचास, तेव्हापासून तुझा बाप तिथं एकटा बसलाय. त्यालाही एक घास दे.”