नावाने हाक मारणारे

फार पूर्वी, साळुंक्या माणसांशी बोलत तेव्हाची ही गोष्ट. एका टेकडीवर रेवाक्का नावाची वैद्यबाई राहत असे. तिच्या हाताला गुण होता. फाटकाजवळच्या लिंबावर एक साळुंकी राहायची. आल्यागेल्याची वर्दी देणे हे तिचे काम.

रेवाक्काचे नाव गाजले आणि भोंदूंची रीघ लागली. "रेवाक्का, खास तुमच्यासाठी ताईत!" "रेवाक्का, तुमच्याच नावाने सिद्ध केलेली मुळी!" नाव ऐकले की ती हातातले काम टाकून बाहेर येई, तोवर चुलीवरचा काढा करपून जाई. रोगी बिचारे नाव घेत नसत, ते "वैद्यबाई" म्हणत.

शेवटी ती वैतागली. साळुंकीला म्हणाली, "जो माझं नाव घेईल, त्याला परस्पर वाटेला लाव. मला विचारूसुद्धा नकोस."

साळुंकी हुकमाची पक्की. दार शांत झाले. रेवाक्काला वाटले, सुंठीवाचून खोकला गेला.

एका दुपारी तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा धापा टाकत टेकडी चढून आला. फाटकाला आतून कडी होती.

"रेवाक्का, तुळसाला ताप भरलाय. पोर डोळे उघडत नाही. लवकर चला."

"नाव घेतलंस. चालता हो," साळुंकी म्हणाली.

"अगं, माझ्या बायकोची थोरली बहीण आहे ती. मी काय वैद्यबाई म्हणू?"

"सगळे नात्यातलेच असतात. नीघ."

आत खलबत्ता चालू होता. रेवाक्काला हाक पुसटशी ऐकू आली. आवाज ओळखीचा वाटला, जिवाला चुटपुट लागली. पण साळुंकी आहे ना, म्हणून तिने हात थांबवला नाही. तो बिचारा दुसरा वैद्य शोधायला पळाला.

दिवस कलला तरी चुटपुट जाईना. तिने बाहेर येऊन विचारले, "आज कोण कोण आलं होतं?"

"ताईतवाला, अंगठीवाला," साळुंकी ऐटीत म्हणाली, "आणि एक रडणारा. कुणा तुळसाला ताप आहे म्हणे."

तुळसा तिची भाची. रेवाक्का औषधांची झोळी घेऊन अनवाणीच धावत सुटली. वाटभर तिच्या मनात एकच होते, पोर डोळे उघडेल ना?

पोरीने डोळे उघडले. जीव वाचला, पण ताप कानांवर गेला होता. रेवाक्का उशाशी बसून "तुळसा, तुळसा" म्हणत राहिली आणि पोर नुसती तिच्या ओठांकडे बघत राहिली.

तेव्हापासून साळुंकी नाव ऐकून कुणाला हाकलत नाही. ती आधी विचारते, "काम काय?" भोंदू तिथेच अडखळतो.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा ध्यानात ठेवा: लबाड जी खूण उचलतो ती आपल्याच माणसाची असते, म्हणून नुसत्या खुणेवरून दार लावू नये.