कॉम्प्युटरची मखमल

आमच्या गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब थोरबोले लहान वस्तूकडे बघतही नसत. वाचनालयाचा कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडू लागला, तेव्हा त्यातली मुख्य चिप, म्हणजे प्रोसेसर, गार ठेवायला त्यांनी तिच्यावर बसवायच्या पंख्यांतला सगळ्यात उंच कूलर दुकानातून आणला. तो बसवल्यावर कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकणच लागेना.

ग्रंथपाल मंदाताई म्हणाल्या, “स्वस्तातला बुटका कूलर पुरेल. फक्त कॉम्प्युटर चालू असताना डब्यावर घातलेलं मखमली आवरण काढून ठेवू, त्यानेच तो तापतो.”

“ते मी माझ्या हस्ते चढवलंय! मानाची वस्तू काढायची नाही. डबा मोठा आणा.”

त्या आठवड्यात, वैशाखातल्या भर दुपारी, वाचनालयातच भरलेल्या वार्षिक सभेत मंदाताईंनी भाऊसाहेबांचा सत्कार केला आणि जाड लोकरी शाल त्यांच्या अंगाभोवती नीट लपेटली. सत्काराची शाल आपणच काढणं बरं दिसत नाही. भाऊसाहेब घामाने निथळू लागले.

“बाई, शाल घ्या काढून,” ते पुटपुटले.

“मानाची वस्तू कशी काढायची, भाऊसाहेब? मोठा पंखा मागवते. इथे मावला नाही, तर सभागृह मोठं बांधू.”

भाऊसाहेब उठले. कोपऱ्यात जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरवरची मखमल काढली.

“तो बुटका कूलर आणा,” ते म्हणाले, “पण आधी मला सोडवा.”