साळुंकीचा खटला

माणसांनी कोर्टे बांधण्याच्या फार आधीची गोष्ट. साळुंकी दुसऱ्यांची अंडी खाते, असे कावळ्याने बाभळभर पसरवले. शेजारणी तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तिने बदनामीचा खटला भरला.

"निकाल मी देऊ, की पंच?" न्यायाधीश घुबडाने डोळे मिटूनच विचारले.

"पंच. या शेजारणीच."

"अगं वेडे, त्यांनीच तर कावळ्याचं ऐकलं! कायदा मी जाणतो."

"तुम्ही मला निर्दोष ठरवाल, महाराज. पण मला राहायचंय यांच्यात."

पंच दुपारपर्यंत कलकलले, पण निकाल ठरेना. न्यायाधीश घोरू लागले. मग पंचांतली सुगरण हळूच साळुंकीजवळ आली.

"ताई, जरा दाणे टिपून येते. तोवर माझ्या अंड्यांकडे बघशील?"