न थांबणारा राजा आणि इंग्रजी जाणणारी गुहा

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता. त्याला बसता येत नसे. समुद्रकाठच्या गुहेतून त्याने एका मृत मांत्रिकाचा सोन्याचा तोडा उचलून आणला, पायात घातला, आणि त्या घटकेपासून त्याची पावले थांबेनात. तोडा काढून फेकला, तरी थांबेनात. तो चालता चालता जेवी, चालता चालता डुलक्या घेई. टाचा रक्ताळल्या. अखेर पावलांनी महाल सोडला आणि ती त्याला समुद्रावरच्या कड्याकडे ओढू लागली.

राजकन्या शशिप्रभेचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिने तोडा पदरात बांधला आणि घोडा गुहेकडे पिटाळला. गुहेच्या तोंडाशी पांढरा काकाकुवा बसला होता.

"पक्षिराज, तोडा परत ठेवायचा आहे. वाट द्या."

"वाट देणारा मी कोण? मांत्रिकाने विद्या आणली साता समुद्रांपलीकडून. त्याची गुहा इंग्रजीखेरीज काही जाणत नाही. मी त्याच्याच गलबतावरून आलो. चल."

पहिले दार वाऱ्याच्या वेगाने उघडत होते, मिटत होते. उंबऱ्यावर हरणांची हाडे पडली होती. दार म्हणाले, "स्लो."

"म्हणजे संथ," काकाकुवा म्हणाला. "हा झाला गुण. दाराला रीत हवी, कसे उघडायचे ती. गुणाच्या शेवटी 'ली' जोड."

"ओपन स्लोली!"

दार संथपणे उघडले.

आत एका पेटीवर शिळा होती आणि शिळेशी दगडी राक्षस उभा होता. तो म्हणाला, "हार्ड."

राजकन्येला धीर कुठला! पक्ष्याला न विचारताच ती ओरडली, "पुश हार्डली!"

राक्षसाने शिळेला नुसते बोट लावले. शिळा तसूभर सरकली आणि पेटीच्या काठावर ठेवलेली राजकन्येची बोटे शिळेच्या कडेखाली अडकली. ती कळवळली.

"केलेस काय हे!" काकाकुवा फडफडला. "हार्डली म्हणजे जेमतेम! 'हार्ड' म्हणजे जोराचा आणि जोरानेही; गुणही तोच, रीतही तीच. त्याला काही जोडू नकोस."

"पुश हार्ड!"

राक्षसाने सारे बळ लावले. शिळा भिंतीवर आदळून फुटली. सुजल्या बोटांनी राजकन्येने तोडा पेटीत ठेवला. पेटी म्हणाली, "होम."

"म्हणजे घर," काकाकुवा म्हणाला. "तोडा ज्याने घातला, त्याच्या पावलांना आता आज्ञा दे."

गुहेच्या फटीतून कडा दिसत होता. कड्यावर राजा दिसत होता. राजकन्येच्या ओठांवर 'ली' आले, पण दुखऱ्या बोटांनी तिला आवरले.

"हा गुण नव्हे, हे नाव आहे. पक्षिराज, परतीला शीड उभारताना तुमचे खलाशी काय ओरडत?"

काकाकुव्याचा तुरा ताठ झाला. "होमवर्ड! घराच्या दिशेने!"

"वॉक होमवर्ड!"

कड्यावर राजाचे एक पाऊल अधांतरी होते. ते मागे वळले.

राजकन्या घोडा दौडवत महालाशी पोहोचली, तेव्हा राजा पायऱ्यांजवळ आला होता. पावले थांबली. तो त्यांच्याकडे पाहत राहिला, मग पहिल्याच पायरीवर बसला.

"शशी, पाणी दे."

तिने पाणी दिले आणि त्याची पावले मांडीवर घेतली. ती स्थिर होती.

शाप उतरला, राज्य निवांत झाले. ऐकणाऱ्यांची पावलेही सुखरूप घरी पोहोचोत.