बावखलातलं ताट

एक होतं बावखल. राजा कुठे गेला म्हणतोस? जोनस, राजा आज सुट्टीवर आहे. रोज त्याच्याच गोष्टी सांगून माझं तोंड दुखलं. आज बावखल. बावखल म्हणजे काय गं एलिशा? हां, विहिरीपेक्षा मोठं आणि तळ्यापेक्षा लहान. शाब्बास. आता पाय आत घे, चादर ओढ, आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही. बोलायचं ते मी.

तर हे बावखल होतं समुद्राकाठच्या एका गावात, केळीच्या वाड्यांच्या मधोमध. हिरवं हिरवं पाणी, काठाला दगडी पायऱ्या. आणि त्या बावखलात एक तांब्याचं ताट राहायचं. हसू नका, खरंच राहायचं. वर्षभर तळाशी झोपून असायचं आणि नाताळच्या आदल्या दिवशी, दुपार कलली की आपणहून वर यायचं.

मग गावातली सगळी पोरं पायऱ्यांवर जमायची. देवळाकडच्या, म्हणजे चर्चकडच्या, घरापासून एकेकाची पाळी लागायची. पाळी आली की शेवटच्या पायरीवर उभं राहायचं आणि मोठ्यांदा सांगायचं, मला अमुक हवं. मनातल्या मनात चालायचं नाही, कुजबुजून चालायचं नाही. सगळ्यांदेखत. की ताट बुडुक करून खाली गेलंच! वर यायचं तेव्हा त्यावर फडकं आणि फडक्याखाली मागितलेलं. कोणाला भोवरा, कोणाला शिट्टी, कोणाला रिबिनी.

मग ताट घरी न्यायचं, आपलं काढून घ्यायचं आणि त्यात घरातलं काहीतरी घालून ताट पाण्यावर परत सोडायचं. शेजारून वाटीभर काही आलं तर आपण ती वाटी रिकामी परत देतो का? नाही ना? निदान चिमूटभर साखर तरी घालतो. तसंच हे. ताट परत आलं की पुढच्याची पाळी.

त्या गावात एक मुलगी होती. तिचं नाव फिलू. वाईट नव्हती हो. पण मागायला लागली की तिला थांबता यायचं नाही.

पहिल्या वर्षी फिलूने मागितलं एक छत्री. मोर काढलेली. मिळाली. आई म्हणाली, "ताटात काहीतरी घाल गं बाय." फिलूने नाताळच्या फराळातले मूठभर कुलकुल घातले आणि ताट सोडून आली.

दुसऱ्या वर्षी मागितल्या घुंगराच्या वहाणा, बाहुली, आणि बाहुलीला पण घुंगराच्या वहाणा. सगळं मिळालं. आई म्हणाली, "ताटात काहीतरी घाल." फिलूने एक करंजी घातली. कुठली? करपलेली. जी कोणी खाल्ली नसती ती.

मग आलं तिसरं वर्ष. आता ऐका. फिलू पायरीवर उभी राहिली आणि जी सुरू झाली! लाल झालरीचा फ्रॉक. त्यावर जाकीट. बांगड्या, पण वाजणाऱ्या. पोपट, पण बोलणारा. पिंजरा, पण चांदीचा. आणि खाऊन संपत नाही अशी मिठाई. मागच्या पोरांनी बसून घेतलं, एकाने तर डुलकी काढली. ताट खाली गेलं ते किती वेळ वरच येईना. आलं तेव्हा इतकं जड, की काठावरून पाणी आत येत होतं. फिलूने ते कसंबसं ओढत घरी नेलं.

आई चुलीपुढे होती, हात पिठाचे. तिथूनच ओरडली, "ताटात काहीतरी घाल गं!"

"हो," फिलू म्हणाली.

तिने एक करंजी उचलली. मग वाटलं, एक दिली तर माझी एक कमी होईल. ठेवली परत. मग जुनी बाहुली उचलली. वाटलं, जुनी असली तरी माझी आहे. ठेवली परत. मग एकच कुलकुल उचलला, एवढुसा. आणि तो, काय सांगू तुम्हाला, तोंडात टाकला.

मग तिने काय केलं? रिकाम्या ताटावर फडकं पसरलं. चारी कोपरे नीट खोचले. वरून काय कळणार कोणाला? आणि ताट नेऊन पाण्यावर सोडलं.

आता फिलूच्या घरानंतर गावात एकच घर उरायचं. अगदी शेवटचं, वाडीच्या टोकाचं. तिथे कोन्सू आणि तिची आई राहायची. आई दुसऱ्यांच्या वाडीत कामाला जायची. कोन्सू नाताळला पायऱ्यांवर यायची, मागे उभी राहून बघायची, पण कधी म्हणून काही मागितलं नाही. तिची आई सांगायची, "आपण मागायचं नाही. हातपाय धड आहेत ना आपले? मग झालं तर." बाई मानी होती. मानी असणं चांगलंच, पण त्या वर्षी तिला हिवताप आला होता. अशी थंडी भरायची की दात दातांवर आपटायचे. घरात पांघरूण एकच, तेही विरलेलं. कोन्सू त्यावर पोती घालायची, पोत्यांवर स्वतः आडवी व्हायची, तरी आईची कुडकुड थांबेना.

म्हणून त्या दिवशी कोन्सू आईला न सांगता आली. आणि मागे उभी नाही राहिली. फिलूचं ताट आलं तशी एकेक पायरी उतरून खाली गेली.

"अगो बाई, कोन्सू!" पोरं म्हणाली.

कोन्सूचे कान तापले होते. फ्रॉकची कड मुठीत धरून ठेवली होती. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग म्हणाली, "मला एक रजई हवी. आईला थंडी वाजते."

ताट खाली गेलं. वर आलं. कोन्सूने फडकं काढलं.

काही नव्हतं. नुसतं ओलं तांबं.

कसं असेल? त्या ताटाची गंमत मोठ्यांना ठाऊक होती, पोरांना कोणी सांगितली नव्हती. बावखल कुठून देणार? ते का बाजारात जातं? एकाने घातलेलं दुसऱ्याला जायचं, एवढंच. वाटेत पाण्याखाली त्याचं हवं ते व्हायचं. मूठभर घाला नाहीतर चिमूटभर, पुढच्याचं काम व्हायचं. पण काहीच नाही, त्याचं काय होणार?

मग कोणीतरी फिसकन हसलं. त्याला बघून दुसरं हसलं.

आणि कोन्सू काय म्हणाली माहीत आहे? रडली नाही. म्हणाली, "बरोबरच आहे. आई सांगत होती. आपण मागायचंच नव्हतं." आणि असं हसली, की बघणाऱ्याला बघवेना.

फिलू तिथेच होती. जवळच. आपण रिकामं सोडलं तेच रिकामं वर आलं, हे तिला कळलं होतं. तेव्हाच बोलली असती तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही एव्हाना झोपला असता. पण नाही बोलली. लाज वाटायला हवी होती हिला, आणि मान खाली घालून उभी होती कोन्सू.

मग कोन्सूने ते ताट उचललं आणि घरी नेलं. काहीच मिळालं नव्हतं, तरी नेलं! घरी आलेलं भांडं रिकामं कसं परत द्यायचं? परत आली, ताट पाण्यावर सोडलं आणि मागे न बघता निघून गेली.

पोरं पांगली. सगळ्यांना अंघोळी करून, नवे कपडे घालून देवळात जायचं होतं. फिलूचे पाय मात्र हलेनात. पाळ्या संपल्या म्हणजे ताटाने तळाशी जायचं. पण ते गेलं नाही. हळूहळू तरंगत आलं आणि फिलूच्या पायापाशी टेकलं.

फिलूने भीत भीत फडकं काढलं. आत होती अर्धी भाकरी. तांदळाची, सकाळची. बरं का, मागितलेलं बदलून येतं. न मागता आलेलं जसंच्या तसं येतं. एका बाजूने चावल्याची खूणसुद्धा तशीच होती. म्हणजे कोन्सूने अर्धी खाल्ली होती आणि उरलेली रात्रीला ठेवली होती. तीच घातली.

फिलूने त्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला. तो गिळवेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. ती तिथेच पायरीवर बसून भोकाड पसरून रडली.

जोनस, तू का डोळे पुसतोस? सर्दी झाली का? बरं, बरं. पुढे ऐक.

मग फिलू घरी धावली. लाल फ्रॉक आणला आणि ताटात ठेवला. ताट हलेना. मग जाकीट आणलं, बांगड्या आणल्या, पोपट आणला. मिठाई आणली, मोराची छत्री आणली. सगळं रचून ठेवलं. ताट हलेना. दोन्ही हातांनी ढकललं. तसूभर सरकेना.

एवढ्यात देवळाची घंटा झाली. माणसं नटूनथटून त्याच वाटेने निघाली. पोरं होती, त्यांचे आईबाप होते, फिलूची आईपण होती. फिलूच्या मनात आलं, केळीच्या मागे लपावं. लपणारसुद्धा होती. मग ती वळली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, "रिकामं ताट मी पाठवलं होतं! कोन्सूचं काही चुकलं नाही! मी पाठवलं होतं!"

माणसं जागच्या जागी थांबली. फिलूच्या आईने पदर तोंडाला लावला. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते बघत राहिले. मघाशी हसलेली पोरं आपल्याच बुटांकडे बघायला लागली.

आणि ताट हललं. आपणहून मधोमध गेलं आणि थांबलं. वाट बघत. कोणाची? हां. कोन्सूची. कारण मागायला कोणीतरी हवं ना!

फिलू धावत वाडीच्या टोकाला गेली. कोन्सू दारात बसली होती. आत आईची कुडकुड ऐकू येत होती.

"कोन्सू, चल, परत माग," फिलू म्हणाली.

"नको."

"आता मिळेल. खरंच मिळेल. ताट रिकामं मी पाठवलं होतं गं."

कोन्सू तिच्याकडे बघत राहिली. "तू होय?" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "तरी नको. सगळे हसले. मला आता मागताना लाज वाटते."

आयुष्यात पहिल्यांदा फिलूला मागायचं कसं ते सुचेना. मग तिने दोन्ही हात पुढे केले, ताट धरतात तसे.

"ती लाज तुझी नाही," ती म्हणाली. "माझी आहे. मी माझ्यापाशी ठेवली नाही म्हणून तुझ्याकडे आली. मला परत दे."

कोन्सूने तिच्या हातांकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं. मग कोन्सू उठली, धूळ झटकल्यासारखे हात तिच्या ओंजळीवर झटकले आणि म्हणाली, "घे. तुझी तू ठेव."

आणि गेली बावखलावर. सगळं गाव पायऱ्यांवर उभं. कोन्सू शेवटच्या पायरीवर गेली, मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मला एक रजई हवी!" ताट गेलं खाली. आलं वर. आणि रजई कशी? जाडजूड, कापसाने फुगलेली, निम्मी ताटाबाहेर लोंबत होती. तीन बायांनी धरून घरी नेली.

आईला पांघरली. तिची कुडकुड थांबली. घाम आला, ताप उतरला. मग तिने डोळे उघडले आणि रजईवरून हात फिरवला.

"कोन्सू, ही कुठून आणलीस?"

"मागून आणली."

"मागून?"

"हो आई. तुला थंडी वाजत होती. मी मागितली."

आईने रजई गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि कोन्सूला आत घेतलं.

फिलू त्या नाताळला जुन्याच फ्रॉकमध्ये देवळात गेली. शेवटच्या बाकावर बसली. पुढच्या वर्षी पायऱ्यांवर आली. पाळी आली तेव्हा तिचे कान लालबुंद झाले, पण तिने मागितलं. एकच मागितलं. आणि ताट परत सोडताना वर फडकं घातलं नाही. म्हातारी झाली तरी कधी घातलं नाही.

एलिशा झोपलीस का? नाही? काय म्हणतेस, आपण नाताळला मागायचं की नाही? मागा की. खुशाल मागा. मोठ्यांदा मागा. आणि दुसरं कोणी मागत असलं तर फिसफिस हसू नका, एवढंच.

मग पुढे कोन्सूची आई बरी झाली, फिलू आणि कोन्सू शेजारी शेजारी बसायला लागल्या, गाव सुखात राहिलं आणि ताट तळाशी जाऊन झोपलं. ताट झोपलं, म्हणजे तुम्हीपण झोपायचं. मिटा बघू डोळे.