धनुष्याची ताठ बाजू

एकदा एका गृहस्थाच्या मनाने घेतले की आपण स्वतःच्या हातांनी एक धनुष्य करावे. गावाबाहेर बांबूच्या बेटाशी एक वृद्ध धनुष्यकार राहत असे. गृहस्थ त्याचा शिष्य झाला आणि तिथे शिकलेले घरी येऊन पडवीत करून पाहू लागला. धामणीच्या झाडाचे चिवट लाकूड तासायचे, त्याच्या पाठीवर बांबूची लांब पट्टी सरसाने चिकटवायची, दोरीने गच्च आवळायची आणि निवांत वाळू द्यायची. एवढेच काम, पण त्याने त्याला पुरते झपाटले. धुक्यातल्या सकाळी तासताना त्याला वाटे, या लाकडाच्या आत कुणीतरी गाढ झोपले आहे आणि आपण त्याला हलकेच जागे करतो आहोत.

खरे सांगायचे तर घरात त्याचे मन लागत नव्हते. धाकटा भाऊ बायकोमुलांना घेऊन लवकरच कायमचा सासुरवाडीला निघणार होता. आजवर घरातला प्रत्येक निर्णय थोरल्याने घ्यायचा आणि धाकट्याने मान डोलवायची, असेच चालत आले होते. थोरल्याचा भावावर जीव होता, त्यात खोटे काही नाही. पण सारा दोष धाकट्याच्या मऊ स्वभावाचा, अशी त्याची पक्की समजूत होती. इतकी वर्षे मुकाट ऐकले आणि आता एकाएकी याचा धीर कसा सुटला, हे गाऱ्हाणे तो वृद्धापुढे पुन्हापुन्हा मांडी. वृद्ध ऐकून घेई आणि सरस ढवळत राही.

भाऊ निघायच्या आदल्या दिवशी दुपारी वृद्ध पडवीत आला. त्याने धनुष्य भिंतीतल्या खुंटीवर आडवे टेकवले आणि दोरी हळूहळू खाली ओढली. उजवी बाजू फारच वाकली. डावी मुसळासारखी ताठ राहिली. डाव्या बाजूकडे पाहून शिष्याची छाती फुगली. उजवीवर सूत गुंडाळून वरून सरस लावू, म्हणजे तिला बळ येईल, असे त्याने सुचवले.

वृद्धाने सुरी उचलली आणि ती ताठ, देखणी बाजूच आतल्या अंगाने खरवडायला घेतली. शिष्याने घाईने हात पुढे केला.

"बाबा, ही तर चांगली बाजू. दुबळी आहे ती पलीकडची."

"दुबळी कोण म्हणालं?" वृद्ध हात न थांबवता म्हणाला. "ही जराही वाकत नाही, म्हणून सगळी ओढ पलीकडच्या बाजूला एकटीला सोसावी लागते. एक दिवस ती मोडेल आणि लोक म्हणतील, लाकूडच कच्चं होतं. वाकणाऱ्या बाजूला हात लावायचा नसतो. ताठ बाजूचं थोडं थोडं काढायचं."

"पण मग धनुष्याचा जोर कमी होईल."

"होईल थोडा. धनुष्य तर राहील."

सुरीखालून पातळ सालपटे निघत होती आणि उन्हात तरंगत खाली येत होती. वृद्ध मधूनमधून दोरी ओढून पाही, पुन्हा खरवडी. वेळ जणू तिथेच डुलकी घेत होता. अखेर दोन्ही बाजू एकसारख्या वाकल्या, तेव्हा शिष्य धनुष्याकडे पाहतच नव्हता. घराच्या आतून सामान बांधल्याचे आवाज येत होते आणि तो तिकडे कान लावून बसला होता. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तो उठून आत गेला आणि भावाशेजारी जमिनीवरच बसला.

"तुझं ऐकायला आलोय," तो म्हणाला. "मध्ये बोलणार नाही."

धाकट्याला आधी ते खरेच वाटेना. मग तो बोलू लागला, तेव्हा वर्षानुवर्षांचे साचलेले बाहेर आले. थोरल्याच्या जिभेवर उत्तरे येत होती, ती तो गिळत होता. काही शब्द वर्मी लागले, पण तो उठला नाही. बाहेर ऊन कलले, घरात अंधारून आले, कुणीतरी दिवा आणून ठेवला. धाकट्याने दिव्याची वात पुढे सारली.

"दादा, उद्या नाही जात," तो म्हणाला. "माझं अजून बोलून झालेलं नाही."