निंगाप्पाच्या गाडीतला जुना क्रॉस

“मग जुना कुठाय?”

शेवंतानं पुन्हा तेच विचारलं. बाबालाल उस्ताद बशीतला चहा फुंकत बसले होते.

घाटाच्या तोंडाशी उस्तादांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे काय, डोक्यावर चार पत्रे आणि शेजारी एक जांभळाचं झाड. बाहेर निंगाप्पाचा जुनाट ट्रक गुळाच्या ढेपांनी भरून उभा होता. स्टेअरिंगच्या दांड्याला मध्ये जो सांधा असतो, गॅरेजवाले त्याला क्रॉस म्हणतात, तो झिजून पार खिळखिळा झाला होता. उस्तादांनी काल तो काढून नवा घातला.

म्हणजे घातला, असं ते म्हणत होते.

निंगाप्पाच्या बायकोचा, शेवंताचा, त्यावर विश्वास नव्हता. कसा असेल? सकाळी निघाले आणि गाव मागं पडतंय न पडतंय तोच गाडी अंगात आल्यासारखी करायला लागली. डावीकडं जाते म्हणावं तर उजवीकडं. ओढ्यावरच्या पुलाचा कठडा घासता घासता राहिला. मांडीवरची तान्ही लेक दचकून उठली ती अजून मुसमुसत होती. बांद्याला माहेरी जायचं, मामाच्या मांडीवर लेकीचं जावळ काढायचं, एवढ्यासाठी शेवंता ट्रकात बसली होती. आणि मध्ये घाट होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

“उस्ताद, जुना सांधा बघितल्याशिवाय मी इथनं हलायची नाही.”

उस्तादांनी पायानंच रॉकेलचा डबा पुढं ओढला. आत हात घालून एक काळाकुट्ट क्रॉस काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं तो उलटसुलट करून पाहिला. नाकाशी नेऊन वास घेतला. एक टोक झिजून निमुळतं झालं होतं.

“हा आमचाच कशावरून?”

“नाव घालायचं राहिलं बघ त्याच्यावर,” उस्ताद म्हणाले.

“असले ढीग पडलेत भंगारात,” मागून निंगाप्पा बोलला. क्लीनर म्हणून याच गॅरेजात वाढलेला, उस्तादांच्याच हाताखाली चाक धरायला शिकलेला गडी. आज बायको शेजारी होती म्हणून की काय, आवाज चढला होता. “उस्ताद, जुनाच पुसून परत बसवलाय तुम्ही. वर ग्रीस थापलंय. मला कळत नाही होय?”

“तुला कळतं?”

“ह्या गाडीवर माझा हात बसलाय. चाक वीतभर फिरवावं तेव्हा टायर बोटभर वळायचं. तरी इतकी वर्षं घाट उतरवला. दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं.”

“खरं आहे.”

शेवंताला ते ‘खरं आहे’ काही आवडलं नाही. अंगावर आलेलं भांडण माणूस इतक्या सहज सोडून देतो, तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी असतं. सासरी नांदून ती एवढं नक्की शिकली होती.

“म्हणजे हा आमचा नव्हेच,” ती म्हणाली.

“नसेल.” उस्तादांनी क्रॉस तिच्या हातातून घेतला आणि डब्यात सोडला. “तुमचा अजून गाडीतच असेल.”

शेवंतानं खांद्यावरची लेक सावरली.

“मग बदललाच नाही तुम्ही?”

“बदलला की.”

“मग गाडीत कसा?”

उस्तादांनी बशीतला उरलेला चहा संपवला.

“बोला की आता.”

उस्तादांनी बशी पालथी घातली.

“चल, शोधू.”

गॅरेजच्या मागं माळ होता. सपाट, फुफाट्यानं भरलेला. पलीकडच्या टोकाला विजेचा खांब.

“निंगाप्पा, खांबाकडं सरळ घे. पहिल्या गिअरात. वळायचं नाही कुठं.”

ट्रक निघाला. शेवंता पोरीला छातीशी धरून उभी राहिली. तिनं गाडीकडं कमी आणि उस्तादांच्या तोंडाकडंच जास्त पाहिलं. तोंडावर काही नव्हतं. तेच तिला खुपलं.

“बघा, बघा कशी ओढतीय,” निंगाप्पा खिडकीतून ओरडला. ट्रक डुलत डुलत कसाबसा खांबापाशी पोचला.

उस्ताद आणि शेवंता चालत तिथं गेले.

“उतर. पोरीला घे,” उस्ताद निंगाप्पाला म्हणाले. मग शेवंताकडं वळले. “तू चढ.”

“मी?”

“तू.”

“मी सायकलसुद्धा धरली नाही कधी.”

“म्हणूनच.”

निंगाप्पा हसला. “उस्ताद, जांभळाच्या झाडावर चढवेल ती गाडी.”

शेवंतानं ओळखलं. आपलं तोंड बंद करायचा हा डाव आहे. बाईमाणूस घाबरेल, गप्प बसेल, मग गाडी देतील हातात आणि म्हणतील, जा. पोर खाली राहत होती ना… मग काय व्हायचं ते होऊ दे.

ती चढली.

उस्तादांनी आधी स्वतः गाडी वळवून तोंड गॅरेजकडं केलं. मग तिला चाकापुढं बसवलं आणि आपण शेजारी इंजिनच्या झाकणावर टेकून क्लच आणि ब्रेक आपल्या पायाखाली घेतले.

“काय करू?”

“काही करू नको. झाडाकडं बघ. धर नुसतं.”

ट्रक सरपटायला लागला. शेवंतानं चाक धरलं ते झोपलेल्या पोरीचा हात धरावा तसं, सुटू नये आणि तिला जागही येऊ नये इतपत. आता ओढेल, तिनं मनात म्हटलं. आता ओढेल. ह्या दगडापाशी तरी…

झाड आलं. गाडी थांबली.

खाली उतरून तिनं मागं पाहिलं. माळावर टायरच्या दोन वाटा उमटल्या होत्या. जातानाची नागमोडी, बैल मुतत गेल्यासारखी. येतानाची दोरी धरून आखल्यासारखी.

ती बराच वेळ बघत राहिली. मनातला संशय गेला नव्हता. तो इतका वेळ उस्तादांपाशी ठाण मांडून बसला होता, तिथून उठला एवढंच.

खांबाकडून निंगाप्पा चालत येत होता. दोन्ही वाटांच्या मधून. पोर रडत होती आणि तो तिला डोलवत होता. वीतभर इकडं… वीतभर तिकडं…

शेवंताची नजर त्याच्या हातांवर गेली. उस्तादांचीही.

निंगाप्पा जवळ आला. एका वाटेकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं. हात आपोआप थांबले.

“उस्ताद…”



शेवंतानं पुढं होऊन लेक आपल्याकडं घेतली. पोर गप्प झाली.

“उस्ताद, खरं सांगा,” ती म्हणाली. “आज घाट उतरायचा का नाही?”

उस्तादांनी बोटं चिंधीला पुसली. एकेक करून, सावकाश.

“गाडी घेऊन जा, पोरी,” ते म्हणाले. “ह्याला ठेवून जा.”